सिंधुताईंच्या डब्यातली राख

एक

भिलाईजवळच्या हथखोजमधल्या एका कारखान्यात मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास बॉयलरची नळी फुटली आणि गुलाबराव गेले. ज्या बॉयलरला त्यांनी एकोणीस वर्षं दावणीच्या जनावरासारखं सांभाळलं, त्यानेच त्यांचा जीव घेतला. झाकण उघडून आतला जाळ बघायला ते वाकले होते, एवढंच. आपल्याला दिसते ती थंड पडलेली वाफ. खरी तापलेली वाफ डोळ्यांना दिसतच नाही. त्यांना ओरडायलाही सवड मिळाली नाही.

त्यांना ओढून काढायला नियंत्रण पॅनेलवर बसणारा कमलेश धावला, आणि त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. बुधवारी गुलाबरावांना अग्नी दिला. गुरुवारी कारखान्याने पोलिसांत लेखी दिलं, की कमलेश मोबाईल पाहत बसला, त्याने वाफेचं तापमान चढू दिलं, म्हणून नळी फुटली. इस्पितळात त्याच्या खोलीबाहेर शिपाई बसला. सोमवारी बॉयलर निरीक्षक आपला अहवाल देणार होते. तो कारखान्याच्या बाजूने गेला, की त्याच दिवशी कमलेशला अटक होणार.

हे सगळं साधना खानझोडेला शुक्रवारी सकाळी कळलं, तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात. सांगणारी होती कमलेशची आई. सिंधुताई बारा वर्षं वैशाली नगरातल्या या घरी भांडी घासत होत्या, आणि एवढं आभाळ कोसळूनही त्या दिवशी आल्या होत्या.

"बाई, माहा पोरगा असा करन का? मोबाईल तं त्या दिवशी घरीच चार्जिंगले लावून गेला होता."

"हे पोलिसांना सांगितलं तुम्ही?"

"सांगतलं ना. म्हणे, आई तं असंच म्हणन."

साधनाला धीर देता येत नसे. एकतीस वर्षं तिने पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती, आणि निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या दोन खोल्यांत इंधन तपासणीची लॅब थाटली होती. आपल्या हातून चुकीचा आकडा कधी गेला नाही, असं ती स्वतःच सांगे. आणि ते खरं असल्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच बोचे. आत्ताही धीर द्यायचं सोडून ती सिंधुताईंच्या हातांकडे बघत राहिली. बोटांच्या पेरांवर लाल भेगा पडल्या होत्या.

"हाताला काय झालं?"

"हे नवं नाही बाई. दोन हिवाळे झाले. राख चावते आजकाल. पहिले नाही चावे."

"कोणती राख?"

"हेच, डब्यातली. कमलेश आनते ना फॅक्टरीतून."

साधनाने मोरीजवळचा डबा ओढला. मार्च महिना, अंगावरचा घाम क्षणात वाळावा असं कोरडं ऊन, आणि डब्यातली राख मात्र दमट, गोळे झालेली. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली. सिंधुताई बघतच राहिल्या.

राख खारट होती. आणि या बॉयलरच्या इंधनात क्षार नाहीत, ते जाळायला योग्य आहे, असा दाखला साधनानेच सही करून दिला होता.

दोन

चमचाभर राख तिने शुद्ध पाण्यात ढवळली, गाळली, आम्लाचे थेंब टाकले आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडलं. धानाच्या भुशाची राख असती तर पाणी जरासं गढुळलं असतं. इथे परीक्षानळीच्या तळाशी दह्यासारखा पांढरा थर बसला. म्हणजे भरपूर क्लोरीन.

काय घडलं असावं हे तिला लगेच दिसलं. भुशात खार नसल्यासारखाच. पण धानाच्या तणसात, ज्याला इकडे पैरा म्हणतात, तो भरपूर असतो. तणस जळलं की खार वर उडतो आणि वाफेच्या तापलेल्या नळ्यांवर चिकटून बसतो. नळी जितकी गरम, तितकी त्याची भूक मोठी. लोखंडाचे पापुद्रे सोलत तो नळी बाहेरून खात जातो. वर राखेचं आणि गंजाचं जाड पांघरूण असल्यामुळे बघणाऱ्याला नळी धडधाकटच वाटते.

दीड वर्षापूर्वी भुसा मिळेनासा झाला, तेव्हा या कारखान्याने तणस जाळायचं ठरवलं होतं. दिवाळी होऊन गेल्यावर नमुना आला. क्लोरीन शून्य पूर्णांक एकाहत्तर शतांश टक्के. साधनाने तो नापास केला. तीन आठवड्यांनी दुसरा नमुना आला, शून्य पूर्णांक नऊ शतांश, आणि तो तिने पास केला. आता तिला वाटलं, तणस पुरवणाऱ्याने चांगल्या गंजीचा नमुना दाखवून वाईट गंजी कारखान्यात ओतली. चोर सापडल्यातच जमा होता.

दुपारी ती रिक्षाने हथखोजला गेली. बॉयलरचा मॅनेजर शामसुंदर पोलाद कारखान्यात तिच्या हाताखाली होता. अजूनही तिला पाहून उठून उभा राहायचा.

"ताई, एवढ्या उन्हात कशाला आल्या? फोन केला असता तर गाडी पाठवली असती."

"फुटलेली नळी कुठे आहे?"

"कापली ना. प्लांट सुरू करायचा होता. भंगारात गेली."

"निरीक्षकांनी बघायच्या आधी?"

"फोटो आहेत." त्याने पुढे केलेल्या फोटोत वाफ, अंधार आणि कोणाचा तरी बूट एवढंच दिसत होतं. "पोरगं चांगलं होतं हो, पण आजकालच्या पोरांचं लक्ष मोबाईलमध्ये. तापमान चढलं, त्याला कळलंच नाही. गुलाबराव गेले. मला दोन दिवस जेवण गेलं नाही."

त्याचे डोळे खरंच सुजलेले होते. साधनाने तणसाच्या दाखल्यांची फाइल मागितली. त्याने ती लगेच काढून दिली. आत एकच दाखला होता. शून्य पूर्णांक नऊ शतांश, योग्य, सही साधना खानझोडे.

"आणि पहिला?"

"पहिला कोणता, ताई?" शामसुंदरने शांतपणे विचारलं. "नमुना एकच पाठवला होता आपण."

तीन

साधना भांडली नाही. घरी तिच्याकडे काय आहे ते तिला आठवलं होतं, आणि हातातला पत्ता टाकायची ही वेळ नव्हती. "असेल," ती म्हणाली. "वय झालं माझं." आयुष्यात ती असं पहिल्यांदाच बोलली असेल.

बाहेर पडताना ती मुद्दाम बॉयलर हाउसमधून गेली. पॅनेलच्या बाजूला भिंतीत विश्वकर्म्याचा कोनाडा होता. हार सुकला होता. उदबत्त्या लावायला समोर लोखंडी नळीचा बोटभर उंचीचा तुकडा ठेवलेला, त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने गुलाबरावांचं वळणदार अक्षर: "१७ जाने. पहिली गळती." असे आणखी तीन जुने तुकडे मागे होते. बॉयलरची नळी बदलली, की गुलाबराव तिचा एक तुकडा देवापुढे ठेवत. देवाला कळावं, की आपण काय वापरतो आहोत.

साधनाने वाकून नमस्कार केला. देवापुढे वाकलेल्या बाईला कोणी हटकत नाही. अंगठा आणि तर्जनी तिने नळीच्या आतून-बाहेरून फिरवली. पुढची बाजू, जिच्यावर अक्षरं होती, ती चांगली जाड होती. भिंतीकडे फिरवून ठेवलेली मागची बाजू डब्याच्या पत्र्याएवढी राहिली होती. गुलाबरावांनी खरी, झिजलेली बाजू देवाकडे केली होती; चांगली माणसांकडे.

तापून फुटणारी नळी आधी फुगते, तव्यावरच्या पोळीसारखी. ही कुठेच फुगलेली नव्हती. हिला बाहेरून खाल्लं होतं, आणि तेही अपघाताच्या दोन महिने आधी. तिने मोबाईलवर चार फोटो काढले आणि नळी जागच्या जागी ठेवली. कापलेल्या नळ्या भंगारात धाडणाऱ्या माणसाला देवाच्या कोनाड्यात हात घालायचं सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्याचा हात धजला नसता.

शनिवारी ती पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात, तणस पुरवणाऱ्या भय्याजींच्या गादीवर पोचली. भय्याजी मूळचे गोंदियाकडचे. गावोगावचा भुसा आणि तणस उचलून कारखान्यांना पोचवणं हा त्यांचा धंदा. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी गादीवरून खाली उतरून हात जोडले.

"बाई, माणूस मेला हो. मी खोटं बोलीन का? गंजी एकच होती. अर्जुनीची. नापास झाली तरी तीच, अन् पास झाली तरी तीच. मलेच नवल वाटलं."

"नापास झाली हे तुम्हाला माहीत होतं?"

"शामसुंदर साहेबच बोलले ना. म्हणे, मॅडम म्हणते, हा माल चालत नाही, पावसानं भिजून धुवून निघालेलं तणस असलं तं चालते." भय्याजींनी कपाळाला हात लावला. "मी म्हणलं, साहेब, दिवाळी होऊन गेली, आता पाऊस मी कुठून आणू?"

चार

पावसाचं ते वाक्य साधनाचंच होतं. पहिला नमुना नापास केल्यावर शामसुंदरने फोनवर विचारलं होतं, ताई, काहीच उपाय नाही का? आणि तिने वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं होतं, की शेतात दोन पावसांत भिजलेलं तणस असेल तर क्षार धुवून जातात, तसं मिळालं तर बघा. फोन ठेवताना तिला बरंही वाटलं होतं. निवृत्त माणसाला कोणी काही विचारलं की बरं वाटतं.

घरी येऊन तिने लॅबची जाड वही काढली. दाखल्यावर दोनच आकडे जात, उष्णता आणि क्लोरीन. बाकीची सगळी मोजमापं वहीत राहत. दोन्ही नमुन्यांची पानं तिने शेजारी ठेवली. दुसऱ्या नमुन्यात पोटॅशियम जवळजवळ नाहीसं झालेलं. पाण्याने धुतल्यावर तसंच होतं. पण सोडियम तिपटीने वाढलेलं, आणि फॉस्फेटही चढलेलं.

पावसाच्या पाण्याने सोडियम वाढत नाही. तलावाच्या, विहिरीच्या पाण्याने फॉस्फेट चढत नाही. ही दोन्ही एकत्र एकाच पाण्यात असतात. बॉयलरच्या आत चुना धरू नये म्हणून ड्रमच्या पाण्यात सोडियमचं फॉस्फेट सोडतात, आणि तेच गरम पाणी रोज थोडं थोडं बाहेर काढून टाकतात, त्याला ब्लोडाउन म्हणतात. म्हणजे तणस शेतात धुतलं गेलं नव्हतं आणि भय्याजींच्या गोदामातही नाही. ते बॉयलरच्या पाण्यात, कारखान्याच्या आवारात धुतलं होतं. गंजी नव्हे, फक्त नमुन्याची पेंढी. बाकीची गंजी खारासकट सोळा महिने जळत होती.

इतकं उलगडल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. पण सोडियमच्या आकड्यासमोर, समासात, पेन्सिलीने काढलेलं एक बारीक प्रश्नचिन्ह होतं. ते तिचंच होतं.

म्हणजे तिला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं होतं आणि तिने सोडून दिलं होतं. कशामुळे, तेही तिला आता लख्ख आठवलं. शामसुंदरने आपलं ऐकलं, शोधून धुतलेलं तणस आणलं, याचंच तिला इतकं कौतुक वाटलं होतं, की त्या तीन आठवड्यांत भिलाईत पावसाचा टिपूस पडला नाही हे तिने कॅलेंडरकडे मान वळवून पाहिलंही नाही. भय्याजींसारख्या व्यापाऱ्याला जे सुचलं, ते एकतीस वर्षं अनुभवाच्या केमिस्टला सुचलं नाही. साधनाला स्वतःची किळस आली.

आता एकच शोधायचं राहिलं होतं. पेंढी पाण्यात बुडवणारा हात कोणाचा?

पाच

रविवारी सकाळी ती सिंधुताईंना घेऊन इस्पितळात गेली. दारातला शिपाई सिंधुताईंना ओळखत होता, त्याने दोघींनाही आत सोडलं. कमलेशचे पाय जाळीच्या पट्ट्यांत गुंडाळलेले. त्याच्या आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"कमलेश, मोबाईलचं मला विचारायचं नाही," साधना म्हणाली. "तणस कोणी धुतलं?"

त्याने मान वळवली. घाबरण्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर नवल होतं. पाच दिवसांत हा प्रश्न त्याला कोणीच विचारला नव्हता.

"काकू, वो तो... मीच धुतलं ना. मी अन् गुलाबराव काकानं."

"कोणी सांगितलं?"

"साहेब बोलले काकाले. बोले, पहिला नमुना चिखलाचा गेला, मॅडम नाराज झाली. लॅब में ऐसा गंदा माल नहीं भेजते, चांगला धुवून, वाळवून पाठव. मंग आमी ब्लोडाउनच्या गरम पान्यात धुतलं. एकदा धुतलं तं काका बोलले, असं नाही, तीन पान्यात धू. मॅडमच्या घरी चाललं हाय, आपली इज्जत जाते. काकानं घरून नवं फडकं आनलं होतं बांधाले."

ते फडकं साधनाला आठवलं. पांढरं, घडीचं, चारी टोकं नीट बांधलेली गाठ. एवढा नीटनेटका नमुना तिच्या लॅबमध्ये दुसरा आला नव्हता, आणि तिने मनात शाबासकी दिली होती. पाहुण्याला द्यायची वस्तू आधी स्वच्छ करायची, हे या माणसांच्या अंगवळणी पडलेलं. नमुना जसा आहे तसाच, चिखलासकट पाठवायचा असतो, हे गुलाबरावांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि ज्याला ते पक्कं माहीत होतं, त्याने त्यांच्या याच चांगुलपणाचा वापर केला.

"जानेवारीत नळी गळली तेव्हा?"

"काका बोलले साहेबाले, साहेब, नळ्या खाऊन राहिलं काहीतरी, तापमान कमी ठेवा. साहेब बोले, चलने दो, मॅडमचा दाखला हाय ना आपल्यापाशी." कमलेश कोपरावर उठायला धडपडला. "काकू, धुतलं म्हणून काही झालं का? तसं असन तं काकाचं नाव नका घेऊ. मीच धुतलं म्हणून लिहा."

सिंधुताई त्याच्याकडून साधनाकडे पाहू लागल्या. "बाई, हा का म्हणून राहिला? कोन्ता दाखला?"

साधना पिशवी उचलून दाराकडे वळली. त्या दिवशी तिला ते सांगणं जमलं नाही.

सहा

संध्याकाळी पाचला शामसुंदर स्वतःच तिच्या घरी आला. ती इस्पितळात गेल्याचं त्याला कळलं होतं. साधनाने पाणी दिलं आणि टेबलावर एक लांबट, लाल कापडी पाठीची वही ठेवली.

पोलाद कारखान्यात कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला की पोच घ्यायची. साधनाने ती सवय घरीही सोडली नव्हती. तिच्या लॅबच्या पोच वहीला लोक हसत. उघडलेल्या पानावर दीड वर्षापूर्वीची तारीख होती. दाखला, तणस, नापास. समोर पोच: शामसुंदरची पूर्ण सही, खाली ओढलेल्या दोन रेघांसकट.

"नमुना एकच होता म्हणालास."

पूर्वीच्या साहेबीणबाई आपल्याला एकेरीवर आणतात याचा अर्थ त्याला कळला. त्याने त्या सहीवरून बोट फिरवलं.

"भुसा मिळत नव्हता, ताई," तो म्हणाला. "बॉयलर बंद का, म्हणून मालक दिवसातून तीन फोन करायचे. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा माणूस आणून बसवला असता. मला वाटलं, एक हंगाम काढू, मग भुसा येईल."

"जानेवारीत गुलाबरावांनी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतं."

"आणि आता त्या पोरावर ढकललंस."

त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आता सूज नव्हती, निराळंच काही होतं. "मी एकही आकडा खोटा लिहिला नाही, ताई. आकडा तुमचा. त्याच गंजीचा क्लोरीन तीन आठवड्यांत आठपट उतरला, आणि तुम्ही एक फोन नाही केला मला. मी तर वाट पाहून राहिलो होतो. तुम्ही विचारलं असतं ना, तर मी कबूल केलं असतं, खरंच." त्याने पाण्याचा पेला न उचलताच बाजूला सारला. "उद्या ही वही निरीक्षक साहेबांपुढे ठेवाल, तर तुमची लॅबची वहीही ते मागतील. तुमची सवय मला माहीत आहे. शंका आली की तुम्ही पेन्सिलीने खूण करता. ती असेलच तिथे कुठेतरी."

तो गेल्यावर साधना टेबलापाशी बसून राहिली. नुसती पोच वही दिली तरी शामसुंदर अडकत होता. कमलेश सुटत होता. लॅबच्या वहीतली ती एक खूण कोणाला दिसायची गरज नव्हती. पेन्सिलीची होती ती, आणि खोडरबर ड्रॉवरमध्येच होतं. तिने ड्रॉवर उघडलाही.

सात

सोमवारी सकाळी सिंधुताई भांड्यांना बसल्या, तेव्हा साधना त्यांच्यासमोर पाट ओढून खाली बसली. बारा वर्षांत ती असं कधी बसली नव्हती. तिने सगळं सांगितलं: दाखला, पाऊस, पेन्सिलीची खूण.

सिंधुताईंनी हात धुतले, पदराला पुसले.

"पुसली का ती खून?"

"नाही."

"माहा पोरगा सुटते ना?"

"सुटेल."

"मंग तुमाले मी का म्हनू?" त्या उठल्या. "पन गुलाबरावची बायको हाय. तिले कोन सांगन?"

"मी सांगते."

"तेरवीले या लागन मंग," सिंधुताई म्हणाल्या. जाताना त्यांनी राखेचा डबा उचलला आणि अंगणातल्या नळाखाली रिकामा केला.

निरीक्षकांनी दोन्ही वह्या पाहिल्या आणि त्याच दुपारी कारखान्यात जाऊन कोनाड्यातली नळी ताब्यात घेतली. ती जागची हलली नव्हती; तिच्यात नवी उदबत्ती मात्र कोणीतरी लावली होती. संध्याकाळी कमलेशच्या दारातला शिपाई उठला आणि शामसुंदरच्या घरी गेला. साधनाचा जबाब तीन पानांचा झाला. पेन्सिलीच्या खुणेवर निरीक्षकांनी फक्त एवढं विचारलं, की हे अक्षर तुमचंच ना. आणि तिने होय म्हणून सही केली. तिच्या दाखल्यांची मान्यता काढण्याचं पत्र निघायला वेळ होता. घरावरची लॅबची पाटी तिने त्याआधीच काढून ठेवली.

तेरवी रविवारी होती. गुलाबरावांच्या दोन खोल्यांच्या घरापुढे मांडव घातला होता. नमुन्याचं त्या घरात अजून कोणाला काही माहीत नव्हतं. बायका एवढंच म्हणत होत्या, की मॅनेजरला धरलं, कमलेश सुटला. आत पाऊल टाकताच गुलाबरावांची बायको उठून उभी राहिली. बुटकी, सावळी, रडून घसा बसलेली बाई. तिने साधनाचा हात धरून भिंतीजवळ सतरंजीवर बसवलं आणि कोणालातरी हाक मारून आधी इथे ताट आणायला लावलं.

"तुमीच का त्या लॅबच्या मॅडम?" ती म्हणाली. "हे लय सांगत तुमचं. तुमचा नमुना धुतला त्या दिवशी मायं नवं फडकं घेऊन गेले, मी भांडली बी. म्हणे, अवं, मॅडमच्या घरी चाललं हाय, तीन पान्यात धुतलं आमी." तिला हसू आणि रडू एकदम आलं. "अन् तुमी पास केलं ना, तं यायनं पेढे आनले होते. पूर्‍या मोहल्ल्यात वाटले. म्हणे, आमचा माल मॅडमनं पास केला."

ताट आलं. वडा, भात, खीर. गुलाबरावांची बायको समोर बसून, पदर सावरत, मॅडम जेवायला कधी सुरुवात करतात याची वाट पाहू लागली. दारात सिंधुताई उभ्या होत्या.

साधनाने ताट हळूच बाजूला सरकवलं आणि पहिल्या नमुन्यापासून सांगायला सुरुवात केली.